ट्यूरचा चुकलेला हात

साल्वोर केटिल्सदोत्तिर देव कोरते तेव्हा देवाची पाठ तिच्याकडे असते. पहिल्या घावापासून शेवटच्या दिवसापर्यंत. पुढची बाजू कोरायची असली की ती लाकडाला मागून मिठी मारल्यासारखे हात पुढे नेते आणि बोटांनी चाचपत पटाशी चालवते. तोंड आणि डोळे अगदी शेवटी. त्या एकाच दिवशी देव वळवायचा. बाकीचे दिवस दोघं एकाच दिशेला तोंड करून बसलेले, खिडकीतून समुद्राकडे.

रेक्याविकहून येणाऱ्या लोकांना यात मोठं गूढ दिसतं. गूढ कसलं डोंबलाचं! तिचे वडील केटिल होड्या बांधायचे. त्यांनी तिला लहानपणी सांगितलं होतं, "वल्हं मारताना पुढच्या बाकावरच्याची पाठ दिसते ना आपल्याला? त्याचा उजवा तो आपला उजवा. देवालाही पुढच्या बाकावर बसव, म्हणजे गफलत होणार नाही." तिनं ऐकलं, आणि गफलत झाली नाही. एकदाच झाली. तेवढी लिहून ठेवावी म्हणून बसले आहे, कारण गावात तिची भलतीच आवृत्ती फिरते आणि मला ती ऐकवत नाही.

साल्वोर आणि मी काल्दाविकच्या निवासी शाळेत सत्तावीस वर्षं एका छपराखाली काढली. मी भूगोल शिकवायचे, ती स्वयंपाकघर सांभाळायची. मुलांची संख्या घटत घटत शाळा बंद पडली, तेव्हा शेवटच्या दिवशी मोठी पातेली घासता घासता मी तिला विचारलं, "आता काय करणार गं?"

"देव," ती म्हणाली.

"कसले देव?"

"आपले जुने. थॉर, फ्रेया, न्योर्द. लोकांच्या घरी फळीवर ठेवायला. परवा एक बाई मला म्हणाली, दुकानात मिळतात ते सगळे प्लॅस्टिकचे आणि सगळ्यांचे दंड फुगलेले."

मला वाटलं, बाईची कामावाचून सटकली. पण तिनं मनावर घेतलं. लाकडाची चिंता नव्हती. आमच्याकडे झाड औषधालाही नाही, पण समुद्र लाकूड आणतो. सायबेरियाच्या नद्यांतून सुटलेले ओंडके बर्फाबरोबर वर्षानुवर्षं भटकत आमच्या किनाऱ्याला लागतात, मिठात मुरून दगड झालेले. ज्याच्या किनाऱ्याला लागले त्याचे. या बाबतीत इथं कोणी कुणाची गय करत नाही. सख्ख्या भावाचा ओंडका लाटेनं आपल्या हद्दीत टाकला की आपला. गोष्टीत असं आहे की देव किनाऱ्यावर फिरत होते, त्यांना दोन लाकडं सापडली आणि त्यांतून त्यांनी पहिला पुरुष आणि पहिली बाई घडवली. "मग आता आपली पाळी," असं साल्वोर म्हणते.

तिचे देव वीत-दीड वीत उंच. अकुरेरीच्या एका बसड्रायव्हरच्या घरी पावाच्या डब्याशेजारी तिचा थॉर आहे. एका नर्सच्या घरी औषधोपचाराची देवी एइर फ्रिजवर उभी आहे. आपला थॉर बघून तो ड्रायव्हर आधी हिरमुसला होता.

"दंड कुठे आहेत याचे?" त्यानं विचारलं.

"थॉर शेतकऱ्यांचा देव," साल्वोर म्हणाली. "शेतकऱ्याच्या मनगटात जोर असतो. दंड फुगवायला त्याला वेळ कुठला? मनगट बघ."

त्यानं मनगट बघितलं आणि गपचूप घेऊन गेला. तिची फ्रेया कमरेत जाड आहे, गुडघे चांगले भक्कम. ओडिन दमलेला. नुसतं शोभेला हवं म्हणणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावते. पाव्हण्याला आधी विचारणार, कुठे ठेवणार, तिथून त्याला काय दिसेल, घरात कोण कोण आहे. मग कामाला लागणार.

मी स्वतः देवबिव मानत नाही. एकदा तिला छेडलं, "तू खरंच मानतेस का गं?"

"तू भूगोल मानतेस?"

"भूगोल मानायचा नसतो. तो असतो."

"हां. मग?" म्हणाली, आणि मला आणखी कॉफी ओतली.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत हेर्मुंदुर तिच्याकडे आला. वय पंचेचाळीसच्या आसपास, आमच्याच शाळेचा विद्यार्थी, नकाशात नद्या उलट्या काढायचा. मासेमारीच्या ट्रॉलरवर होता. त्याच्या सहा वर्षं आधी दोर गुंडाळणाऱ्या विंचमध्ये त्याचा डावा हात मनगटापासून गेला. हात गेला, मग बोट गेली, मग तो बाटलीला लागला आणि मग बायको मुलीला घेऊन रेक्याविकला निघून गेली. तिनं योग्यच केलं, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. पण आदल्या शरद ऋतूपासून तो थेंबाला शिवला नव्हता, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं.

काखेत लार्चचा एक बुंधा घेऊन तो आला. वडिलांबरोबर त्यानं लहानपणी तो किनाऱ्यावरून ओढून काढला होता आणि गेली तीस वर्षं तो त्यांच्या होडीघरामागे पडून होता.

"मला ट्यूर हवाय," तो म्हणाला.

"ट्यूरच का? दर्यावर्दी माणसं न्योर्द मागतात, नाही तर थॉर."

"थॉर पक्का पिणारा. त्याच्याबरोबर मी आयुष्यभराचं पिऊन घेतलंय, साल्वोर."

ती हसली. मीही हसले, मी तिथेच मोजे विणत बसले होते.

मग तो म्हणाला, "मला न पिण्याची शपथ घ्यायचीय. एप्रिलात, उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी. बेर्गल्योत येणार आहे." बेर्गल्योत म्हणजे त्याची मुलगी, एकोणीस वर्षांची. "फोनवर म्हणाली, बाबा, मी एकदा येईन. एकदाच. पुन्हा बोलावू नकोस."

आता ट्यूर का, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. देवांना फेनरिर लांडग्याला जेरबंद करायचं होतं. लांडगा म्हणाला, दगा करणार नाही याची हमी म्हणून कुणीतरी माझ्या तोंडात हात द्या. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. ट्यूरनं उजवा हात दिला. लांडगा बांधला गेला, हात गेला. शब्दाची किंमत देणारा देव तो. शपथ त्याच्यापुढे घ्यायची.

त्या हिवाळ्यात साल्वोरचा उजवा खांदा आखडला होता. मागून मिठी घालून हात पुढे न्यायचा म्हणजे डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, नाही म्हणून सांग त्याला. म्हणाली, "त्याची पोरगी एकदाच येणार आहे." आणि उपाय म्हणून तिनं जन्मात पहिल्यांदा लाकूड शिकंज्यात आवळलं, समोरासमोर. देवाचं तोंड तिच्याकडे. मी ते पाहिलं होतं. माझ्या डोक्यात काही आलं नाही, हे मान्य करते. भूगोलाच्या बाईला तरी डावं-उजवं कळायला हवं होतं.

मार्चअखेर मूर्ती झाली. मी त्या दिवशी नव्हते. नंतर साल्वोरनं सांगितलं ते एवढंच, की हेर्मुंदुरनं मूर्ती हातात घेतली, बराच वेळ बघितली, आपलं खुंटलेलं मनगट तिच्याशेजारी धरलं आणि ढसाढसा रडला. "तुला कसं सुचलं?" म्हणाला. तिला वाटलं, चेहऱ्याबद्दल बोलतोय. चेहरा साधलाच होता. पुरुष माणसं तिच्याकडे पुष्कळ वेळा रडतात, तिला त्याचं काही वाटत नाही.

पुढच्या मंगळवारी मी पोहायला गेले. पोहणं नावाला, गरम पाण्याच्या कुंडात गळाभर बसून सगळा गाव गप्पा मारतो. मी पाय टाकते न टाकते तोच तलावावर काम करणारा स्नाएब्योर्न म्हणाला, "ऐकलंस का योरुन? तुझ्या साल्वोरनं कमाल केली!"

"काय केलं?"

"देवाचा हात बदलला! ट्यूरचा उजवा हात शाबूत ठेवला आणि डावा कापला. हेर्मुंदुरसारखा. त्याला एका शब्दानं न विचारता!"

"माझ्या तर अंगावर काटा आला," पोस्टातली बाई म्हणाली. तिच्या अंगावर कशानंही काटा येतो. पण खरं सांगायचं तर मलाही ते भिडलं. सत्तावीस वर्षं जिच्या हातचे मासे-बटाटे खाल्ले ती बाई एवढी खोल असेल असं वाटलं नव्हतं. ओल्या केसांनीच गाडी काढली आणि तिच्याकडे गेले.

"लबाडे," मी दारातूनच म्हटलं, "मला सांगायचं तरी!"

"काय?"

"ट्यूरचा हात! गावभर तुझं कौतुक चाललंय. डावा हात कापायची कल्पना—"

"कुठला हात?"

"डावा."

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. मग म्हणाली, "ये. त्या स्टुलावर बस. पाठ कर." मी बसले. ती माझ्यामागे बसली आणि तिनं माझ्या उजव्या मनगटाला हात लावला. "आता वळ. माझ्याकडे तोंड कर." मी वळले. तिनं पुन्हा त्याच बाजूला हात पुढे केला, आणि या खेपेला तो माझ्या डाव्या मनगटावर पडला.

"अरे देवा," ती म्हणाली. कुठल्या देवाला म्हणाली कोण जाणे.

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. मी कॉफी केली, लोणी लावून सुका मासा पुढे ठेवला. ती त्याला शिवली नाही.

"हे बघ," मी म्हटलं, "झालं ते उत्तम झालं. माणूस खूश आहे. गाव खूश आहे. तू गप्प बस."

"मी चुकले, योरुन."

"चुकलीस. पण असं चुकलीस की हातून भलं झालं. देवाला काय फरक पडतो, डावा की उजवा!"

"देवाला नसेल पडत. कुठला हात ते तो सांभाळून घेईल. पण हेर्मुंदुरला वाटतंय मी त्याच्यासाठी मुद्दाम केलं. मी केलेलं नाही. माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"म्हणून काय सांगत सुटणार आहेस?"

"तो ट्यूरपुढे शपथ घेणार. आणि तो ट्यूर खोट्यावर उभा?"

"साल्वोर, डोकं ठिकाणावर ठेव. तीन आठवडे राहिलेत. हा माणूस एका धाग्यावर लटकतोय. उद्या तू त्याला सांगितलंस आणि त्यानं बाटली उघडली तर? पोरगी येऊन पाहणार काय? ती पुन्हा यायची नाही. त्याचं पाप कुणाच्या माथी?"

"माझ्या," ती म्हणाली. "या खांद्यानं मला गाडी चालवता येत नाही. तू नेतेस की चालत जाऊ?"

अकरा किलोमीटर, वर बर्फगार वारा. नेलं.

हेर्मुंदुरचं घर मी इतकं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. खिडकीजवळच्या नव्या फळीवर ट्यूर उभा होता, पुढे छोटा दिवा आणि शपथ घेताना हातात धरायची लोखंडी कडी. त्याचा चेहरा काय सांगू. हात गेल्याचं दुःख त्यावर नव्हतं. हात जाणार हे ठाऊक असताना तो पुढे करणाऱ्याचा तो चेहरा होता. हेर्मुंदुरनं खुर्च्या ओढल्या. साल्वोरनं कोटही काढला नाही.

"हेर्मुंदुर, मी चुकले. उजवा कापायचा होता. खांदा दुखत होता म्हणून लाकूड उलटं बसवलं आणि बाजू चुकली. तुझा हात माझ्या मनात नव्हता. सगळे म्हणतात ते खोटं आहे."

त्यानं ट्यूरकडे पाहिलं. कान तेवढे लाल झाले.

"मी सगळ्यांना दाखवलं," तो म्हणाला. "बेर्गल्योतला फोटो पाठवला. तिला लिहिलं, बघ, कुणीतरी माझा विचार केला."

"हो," साल्वोर म्हणाली. "म्हणूनच आले."

"जा तुम्ही."

आम्ही निघालो. गाडीच्या आरशात दिसत होतं, तो होडीघराच्या दाराशी उभा होता, डोक्यावर टोपीही नव्हती.

पुढचे तीन दिवस मला आठवायला नको वाटतात. मी साल्वोरला नाही नाही ते बोलले. खरेपणाचा माज आहे तुला, असंही म्हणाले. ती पटाश्यांना धार लावत होती, ज्यांना आधीच धार होती. दारूच्या दुकानापुढून त्याची गाडी गेली का, एवढं मी पोस्टातल्या बाईला आडून विचारलं. तिला माहीत नव्हतं; नेमकं हवं तेव्हा तिला काही माहीत नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी तो आला. शुद्धीत होता. एका काखेत ट्यूर, दुसऱ्या काखेत त्याच बुंध्याचा उरलेला अर्धा भाग, दाढेसारखा वेडावाकडा. त्यानं दोन्ही टेबलावर ठेवले.

"बरोबर करून दे."

"ह्यात काय वाईट आहे?" मीच मध्ये बोलले. माझ्याच्यानं राहवलं नाही. "आता खरं काय ते कळलंय ना तुला? ठेव हाच."

"नको, बाई," तो म्हणाला. मला अजून तो शाळेतलंच 'बाई' म्हणतो. "हा माझ्यासारखा दिसतो. ह्याच्यापुढे शपथ घेतली तर ती मी मलाच दिल्यासारखी होईल. मला मी अकरा वेळा शपथ दिलीय. टिकली नाही एकही. ज्यानं शब्दापायी हात दिला त्याच्यापुढे घ्यायचीय मला."

साल्वोरनं बुंधा उचलून त्यावर नखानं टिचकी मारली. "पंधरा दिवस आहेत. आणि माझा खांदा शिकंज्याच्या वर उठत नाही. पुन्हा समोरून करणार नाही मी."

"मग मी धरतो."

असं ते काम झालं. बाकावर साल्वोर, तिच्यापुढे लाकूड, लाकडाच्या पलीकडे हेर्मुंदुर. खुंटलेल्या हाताच्या बेचक्यात बुंधा छातीशी घट्ट दाबून तो बसायचा आणि ती सांगेल तसा कलता करायचा, म्हणजे तिला हात लांबवावा लागत नसे. देवाची पाठ तिच्याकडे, तोंड त्याच्याकडे. रोज सहा तास. मी पॅनकेक आणि रुबार्बचा मुरंबा पुरवायचे आणि त्यांची भांडणं ऐकायचे.

"हलू नकोस रे."

"मी नाही हललो. तुझा देव हलला."

"माझा देव तुझ्यापेक्षा शहाणा आहे. श्वास जरा कमी घे."

"श्वास बंद करू?"

"उन्हाळ्यानंतर कर."

उजवं मनगट कापायचं त्या दिवशी ती थांबली. त्याला म्हणाली, "सांग, कुठला?" त्यानं आपला धडधाकट उजवा हात वर केला. "योरुन, तू सांग." मी उभी राहून माझा उजवा हात वर केला, या वयात वर्गातल्या पोरीसारखी. मग तिनं करवत लावली. शेवटच्या दिवशी देव वळवला तेव्हा हेर्मुंदुर उठून बाहेर गेला. चेहरा होईपर्यंत बघायचा नाही म्हणाला. तिनं त्याला असं काही सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्याचा पहिला दिवस दरवर्षीप्रमाणे हिमवर्षाव घेऊन आला. बेर्गल्योत आली. उंच, बापासारखे मोठे कान, कोट शेवटपर्यंत अंगात. फळीपुढे हेर्मुंदुरनं कडी हातात धरली आणि ट्यूरचं नाव घेऊन शपथ सांगितली. लांबलचक नव्हती, चार वाक्यं. मुलीनं साक्षीदार म्हणून कडीला हात लावला.

मग ती मूर्तीकडे बघून म्हणाली, "फोटोत हात दुसरा होता."

"तो चुकला होता," हेर्मुंदुर म्हणाला. "साल्वोरनं स्वतः येऊन सांगितलं."

मुलगी साल्वोरकडे वळली. "तुम्ही सांगितलं नसतं तर कळलं असतं कुणाला?"

"नाही."

बेर्गल्योतनं थोडा विचार केला आणि कोटाची बटणं काढली. "पॅनकेक आहेत का?" तिनं विचारलं. नऊ खाल्ले. पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, बोलावल्याशिवाय. आता हेर्मुंदुरच्या शपथेला चार उन्हाळे झाले.

चुकलेल्या मूर्तीचं काय, तेही सांगून टाकते. बिघडलेला देव जाळायचा नाही, समुद्रानं दिलेलं समुद्राला परत द्यायचं, असा साल्वोरचा नेम. शपथेच्याच दुपारी तिनं खडकावरून डाव्या हातानं तो भिरकावला. पाठ वळवून चालू लागली. मी मागे वळून वळून बघत होते.

त्याच वर्षी जूनमध्ये मी माझ्या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करायला गेले. गोट्यांत तो पडला होता. मिठानं राखाडी झालेला, नाक थोडं झिजलेलं, उजवा हात शाबूत. मी तो टोपलीत टाकून साल्वोरकडे नेला. "घे तुझा."

"माझा कसला? कुठे सापडला?"

"माझ्या हद्दीत."

"मग तुझा. कायदा तुला ठाऊक आहे."

"मी मानत नाही, साल्वोर."

"ते कुणी विचारलंय? किनारा तुझा आहे ना?"

तेव्हापासून तो माझ्या स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्याजवळ उभा आहे. मी दिवाबिवा लावत नाही. आठवड्यातून एकदा धूळ पुसते. फोनवर कुणाला 'मी घरी नाही' असं सांगायचं असलं की मात्र फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.